पोटॅश, पाऊस आणि फुगा : किरणोत्सर्गाच्या प्रकल्पाच्या नोंदी

बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र प्रयोगशाळा, तासगाव

१९ जून

विषय नक्की झाला. किरणोत्सारी ऱ्हास, म्हणजे अस्थिर अणुकेंद्रकांचं आपोआप फुटणं, मोजायचा, आणि तोही विकतचा स्रोत न आणता. सीलबंद स्रोत मागवला तर काउंटर भराभर पळेल, आकडे सूत्रात चपखल बसतील आणि मुलं जर्नल पूर्ण करून मोकळी होतील. मला ते नको आहे. किरणोत्सर्ग म्हणजे तारापूरला नाहीतर तुर्भ्याला घडणारी गोष्ट, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. तो आपल्या खोलीतल्या हवेत, बांधावर पडलेल्या खताच्या पोत्यात आणि आपल्या अंगातही चालू असतो, हे त्यांनी स्वतः मोजून बघावं.

सामान: किरणोत्सर्गाचे कण मोजणारा जीएम (गायगर-म्युलर) काउंटर (अभ्रकाच्या पातळ खिडकीची नळी), ॲल्युमिनियमचे पत्रे, स्टॉपवॉच, टिश्यू पेपर, फुगे, लोकरीची कानटोपी. चिंचोके मुलं घरून आणणार. एकाच्या वडिलांची द्राक्षबाग आहे, खत तिथून येईल.

२१ जून

नळीचा व्होल्टेज ठरवला. नळीखाली पोटॅश खताची पुडी ठेवून व्होल्टेज वीस-वीसने वाढवत गेलो. आधी काहीच नाही, मग एकाएकी काउंट सुरू होतात, थोडे वाढतात आणि मग बराच वेळ जागचे हलत नाहीत. आमच्या नळीचा हा सपाट भाग ४२० ते ५६० व्होल्टच्या दरम्यान आहे. ४८० वर कायम केला. पुढची सगळी रीडिंग याच व्होल्टेजवर घ्यायची. काउंटरवर तशी चिठ्ठी चिकटवली.

नळीत नेमकं काय होतं ते फळ्यावर काढून दाखवलं. आत कमी दाबाचा वायू, मधोमध एक तार. बाहेरून आलेल्या कणाने वायूच्या एखाद्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटा केला, की तो तारेकडे धावतो आणि वाटेत आणखी इलेक्ट्रॉन उडवतो. शेवटी तारेवर मोजता येईल एवढा मोठा झटका पोचतो. आलेला कण दुबळा होता की जोरकस, हे या नळीला कळत नाही. कण आला एवढंच ती सांगते. गायगर आणि म्युलर यांनी १९२८ मध्ये तयार केलेल्या नळीचं तत्त्व आजही हेच आहे.

२२ जून

बॅकग्राउंड. नळीजवळ काहीही न ठेवता एकेक मिनिटाची दहा रीडिंग:

१९, २७, २२, १६, २४, २१, ३०, १८, २३, २०

सोळा आणि तीस पाहून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे. दर वेळी वेगळंच येतंय." हा प्रश्न यावा म्हणूनच मी सरासरी आधी काढू दिली नव्हती. बेरीज २२०, सरासरी २२. यादृच्छिक घटनांच्या मोजणीत सरासरीच्या वर्गमुळाएवढा चढउतार अपेक्षित असतो. २२ चं वर्गमूळ सुमारे ४.७, म्हणजे ढोबळ मानाने दोन तृतीयांश रीडिंग १७ ते २७ च्या आत यायला हवीत. मुलांनी मोजलं. १७.३ ते २६.७ या पट्ट्यात दहापैकी सात बसली.

मशीन ठणठणीत आहे. उलट दहाही वेळा बावीसच आलं असतं तर मी मेकॅनिक बोलावला असता. वर्गमुळाचा हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगितला आहे. १०० काउंट मोजले तर दहाची अनिश्चितता, म्हणजे दहा टक्के. १०,००० मोजले तर शंभराची, म्हणजे एक टक्का. अचूकता हवी असेल तर जास्त वेळ मोजायचं, दुसरा उपाय नाही.

हे बावीस येतात कुठून? काही अवकाशातून येणाऱ्या किरणांचे, काही भिंतीतल्या आणि जमिनीतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचे. आपल्याकडचा काळा दगड या बाबतीत सौम्य आहे, बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम कमीच असतं. केरळच्या किनाऱ्यावर करुणागप्पळ्ळी भागात वाळूत मोनाझाइट आहे आणि मोनाझाइटमध्ये थोरियम. तिथे हीच नळी धरली तर आकडा कितीतरी वर जाईल. नैसर्गिक किरणोत्सर्गापासून माणसाला वर्षाकाठी मिळणारी मात्रा जागतिक सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट हे शरीराला होऊ शकणाऱ्या इजेच्या हिशेबाचं एकक) धरतात, आणि त्यातला निम्मा वाटा एकट्या रेडॉन वायूचा आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांचा (तो फुटून होणाऱ्या अणूंचा) असतो. रेडॉनकडे थंडीत वळायचं आहे.

१ जुलै

चिंचोके. एका बाजूने घासून पांढरे केलेले, सारीपाटाला घेतात तसे. ४०० गोळा झाले. नियम साधा: सगळे एकदम फरशीवर टाकायचे, पांढरी बाजू वर आलेले 'फुटले' म्हणून बाजूला काढायचे, उरलेले पुन्हा टाकायचे.

उरलेल्यांचे आकडे: ४००, २१६, ११९, ६३, ३५, १८, १०, ५, ३, १, १, १, ०.

पहिल्या फेरीत १८४ गेले, म्हणजे शेकडा ४६. चिंचोका काही नाण्यासारखा सारखा नसतो, त्यामुळे नेमके निम्मे जात नाहीत. तरीही दर फेरीला साधारण तेवढाच वाटा जात राहतो. आलेखावर हात ठेवला तर पहिले सात-आठ बिंदू जणू आखून दिलेल्या वक्रावर बसतात, आणि शेवटी नियम दिसेनासा होतो. पाचाचे तीन, तीनाचा एक, मग तो एकटा आणखी दोन फेऱ्या तग धरून.

मला जे सांगायचं होतं ते या शेवटच्या चिंचोक्यापाशी येऊन सांगता आलं. मुलांनी त्याला नाव ठेवलं, पैजा लावल्या, "आता जाणारच" म्हणून ओरडले. मी विचारलं, आता जाण्याची शक्यता किती? एकाने उत्साहाने ऐंशी टक्के सांगितलं, इतक्या वेळा वाचलाय म्हणून. पण चिंचोक्याला मागच्या फेऱ्या माहीत नसतात. दहाव्या फेरीतही शक्यता तीच, शेकडा ४६.

अणुकेंद्रकाचं हेच आहे. किरणोत्सारी केंद्रक म्हातारं होत नाही. युरेनियमचं एखादं केंद्रक साडेचारशे कोटी वर्षं तसंच राहिलं, म्हणून ते आज फुटण्याची शक्यता कालच्यापेक्षा तसूभरही वाढत नाही. आजचं केंद्रक आणि पृथ्वी घडली तेव्हाचं केंद्रक, दोघांना पुढच्या सेकंदाला सारखीच संधी. तापवा, गोठवा, दाबा, आम्लात विरघळवा, त्याला जवळपास काही फरक पडत नाही, कारण ही सगळी उलथापालथ बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंतच पोचते. एका केंद्रकाची वेळ कुणालाच सांगता येत नाही, पण अब्जावधी केंद्रकांच्या घोळक्याचा अर्धायुकाल, म्हणजे त्यातली निम्मी फुटायला लागणारा वेळ, आपण छातीठोकपणे सांगतो. चारशेच्या फेरीत आकृती नीट होती, तीन उरल्यावर ती गेली. मुलांना घोळक्याचा नियम आणि एकट्याची अनिश्चितता एकाच फरशीवर बघायला मिळाली.

मग पुस्तकातलं सूत्र उघडलं. त्यातला लॅम्डा म्हणजे आमच्या शेकडा ४६ सारखीच फुटण्याची शक्यता, फक्त फेरीऐवजी सेकंदाला. ०.६९३ ला लॅम्डाने भागलं की अर्धायुकाल. वर्ग शांत होता. बऱ्याच जणांना सूत्र आधी पाठ होतं, पण ते कशाबद्दल आहे हे आज कळलं, असं त्यांच्या प्रश्नांवरून वाटलं.

९ जुलै

दुपारी जोराची सर आली. ठरल्याप्रमाणे सर थांबताच पटांगणातल्या गाडीच्या बॉनेटवरचं पाणी टिश्यूने टिपलं, टिश्यू घडी करून बशीत, बशी नळीखाली.

सुरुवातीला मिनिटाला ७१. अर्ध्या तासाने ४९. तासाने ३६. बॅकग्राउंडचे २२ वजा केले तर ४९, २७, १४. दर अर्ध्या तासाला जवळपास निम्मं.

पावसाच्या पाण्यात किरणोत्सर्ग आहे म्हटल्यावर चेहरे बघण्यासारखे होते. समजावलं ते असं. जमिनीतल्या युरेनियमच्या साखळीत रेडियम येतं, रेडियमपासून रेडॉन. रेडॉन वायू असल्यामुळे मातीच्या फटीतून हवेत येतो. त्याचा अर्धायुकाल ३.८ दिवस. तो फुटला की त्याची अपत्यं धातूंची असतात: पोलोनियम, शिसं, बिस्मथ. ती हवेत सुटी राहत नाहीत, धुळीच्या आणि ढगांतल्या थेंबांच्या कणांना चिकटतात आणि सरीबरोबर खाली येतात. आम्ही मोजलं ते शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४. पहिल्याचा अर्धायुकाल २६.८ मिनिटं, दुसऱ्याचा १९.९. दोन-तीन तासांत टिश्यू पुन्हा साध्या टिश्यूसारखा होतो. पावसात भिजायला काहीच हरकत नाही, हेही सांगितलं, कारण एकीने काळजीने विचारलं होतं.

१६ जुलै

पोटॅश. म्युरिएट ऑफ पोटॅश, पोत्यावर ०:०:६० लिहिलेलं. शेजारी तुलनेसाठी युरिया. दोन्ही सारख्या बश्यांत, सारख्या उंचीपर्यंत भरून, नळीपासून सारख्या अंतरावर.

युरिया: बॅकग्राउंडएवढंच. पोटॅश: दहा मिनिटांत ६१८, म्हणजे मिनिटाला जवळपास ६२. बॅकग्राउंड वजा करून ४०.

निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा असतो (नेमकं सांगायचं तर शेकडा ०.०११७). त्याचा अर्धायुकाल १२५ कोटी वर्षं. एवढ्या धिम्या गतीनेही नळी टिकटिकते याचं कारण अणूंची संख्या. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ केंद्रकं फुटतात. एका सेकंदाला एक केंद्रक फुटणं म्हणजे एक बेकरेल, तेव्हा ३१ बेकरेल. ५० किलोच्या पोत्यात पोटॅशियम जवळपास २५ किलो. मुलांनीच गुणाकार केला: सुमारे पावणेआठ लाख बेकरेल, एका पोत्यात.

आकडा ऐकायला प्रचंड वाटतो, म्हणून लगेच दुसरा गुणाकार करायला लावला. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण १४० ग्रॅम पोटॅशियम असतं. म्हणजे ४,३०० च्या आसपास बेकरेल. तुमच्या-माझ्या शरीरात, दर सेकंदाला, जन्मापासून. पोटॅशियम नसेल तर स्नायू चालणार नाहीत, हृदयाचे ठोके पडणार नाहीत, आणि पोटॅशियम आहे म्हटल्यावर पोटॅशियम-४० आहेच. बेकरेलचा आकडा एकटा बघून घाबरायचं नाही. कोणता कण, किती ऊर्जेचा, शरीराबाहेर की आत, कोणत्या अवयवात, हे कळल्याशिवाय इजेबद्दल काहीच म्हणता येत नाही. त्यासाठी सिव्हर्ट हे वेगळं एकक आहे.

१८ जुलै

तोच पोटॅश, वर आडोसा. वहीचा कागद ठेवला: फरक जाणवत नाही. ॲल्युमिनियमचे पत्रे एकावर एक चढवत गेलो, तसा आकडा उतरत गेला आणि एकूण जाडी २ मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर बॅकग्राउंडच्या अगदी जवळ आला. म्हणजे हे प्रामुख्याने बीटा कण, केंद्रकातल्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना बाहेर पडणारे वेगवान इलेक्ट्रॉन. दर १०० पैकी सुमारे ८९ पोटॅशियम-४० केंद्रकं या वाटेने कॅल्शियम-४० होतात. उरलेली अकराएक बाहेरचा एक इलेक्ट्रॉन गिळून अरगॉन-४० होतात आणि बहुतेक वेळा गामा किरण सोडतात. गामा पत्र्याला जुमानत नाहीत, त्यांना जाड शिसं किंवा भरपूर काँक्रीट लागतं. पण आमची नळी गामांपैकी फारच थोडे पकडते, म्हणून ते आकड्यात दिसत नाहीत. अल्फा अजून भेटायचे आहेत. ते कागदानेच अडतात.

संध्याकाळी त्या मुलाचे वडील खताची पिशवी न्यायला आले. मुलाने घरी सांगितलं असणार. म्हणाले, "मॅडम, मग आमच्या मालात हे उतरतं का? बाहेर पाठवतो आम्ही माल." त्यांना सांगितलं, दादा, उतरतंच, पण ते खतामुळे नाही. द्राक्षाला पोटॅशियम लागतं, शेणखतातून घेतलं तरी त्यात पोटॅशियम-४० चा वाटा तेवढाच. आणि आपण कितीही खाल्लं तरी शरीर जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे टाकून देतं, त्यामुळे अंगातला आकडा वाढत नाही. त्यांनी नळीखाली पोटॅश आणि युरिया दोन्ही ठेवून स्वतः आलटून पालटून पाहिलं. बराच वेळ थांबले. मला फार बरं वाटलं.

७ ऑगस्ट

एक तास गणितासाठी. कॉलेजच्या मागचा डोंगर किती जुना? दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. ते कळलं कसं, तर याच पोटॅशियम-४० वरून. लाव्हा वितळलेला असतो तेव्हा त्यातला अरगॉन निसटून जातो. दगड घट्ट झाल्यावर पुढे तयार होणारा अरगॉन खनिजात अडकून राहतो. उरलेलं पोटॅशियम आणि साठलेला अरगॉन मोजला की वय निघतं.

६.६ कोटी वर्षांत पोटॅशियम-४० मधला किती वाटा संपला? मुलांचं उत्तर ३.६ टक्के आलं, बरोबर आहे. त्यातल्या जेमतेम दशांशाचा अरगॉन झाला. एवढ्याशा वायूवरून डोंगराची जन्मतारीख काढतात, हे फळ्यावर लिहिताना मलाही दर वर्षी तितकंच नवल वाटतं. आपल्या हवेत जवळपास एक टक्का अरगॉन आहे आणि तोही जवळजवळ सगळा पोटॅशियमच्या ऱ्हासातूनच आलेला.

२ सप्टेंबर

थोडक्यात. वर्गात प्रश्न आला: लासलगावला कांद्यावर आणि आंब्यावर किरणं सोडतात, मग तो आंबा किरणोत्सारी होतो का? नाही. तिथल्या केंद्रात कोबाल्ट-६० चे गामा किरण वापरतात, १.१७ आणि १.३३ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टचे. ते कांद्याचे कोंब थोपवतात, आंब्यातल्या किडीला आवर घालतात, पण या ऊर्जेने फळातलं केंद्रक बदलत नाही. किरणं अंगावर पडणं आणि किरणोत्सारी पदार्थ अंगाला लागणं या अगदी वेगळ्या गोष्टी. त्याच केंद्रातून २००७ मध्ये हापूस अमेरिकेला जायला लागला.

गृहपाठ दिला: कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षं, तर स्रोताचा जोर वर्षाला किती टक्क्यांनी उतरतो? (१२ टक्के. तेवढा जास्त वेळ माल आत ठेवावा लागतो, नाहीतर नवा कोबाल्ट भरावा लागतो.)

१२ डिसेंबर

फुग्याचा प्रयोग. यासाठी थंडीची वाट पाहत होतो, कारण दमट हवेत घासलेल्या फुग्यावर विद्युतभार टिकत नाही. आज हवा कोरडी, लोकरीवर घासलेला फुगा भिंतीला चिकटून बसतो.

खोली निवडली ती इमारतीमागची जुनी दगडी कोठी. खाली मातीची जमीन, एकच लहान खिडकी, कालपासून दार-खिडकी बंद ठेवली होती. लोकरीने घासलेला फुगा दोऱ्याने मधोमध टांगला आणि तासाभराने काढला. हवा सोडून, रबर चपटं करून थेट नळीखाली.

प्रयोगाची कल्पना एल्स्टर आणि गायटेल यांची. ज्युलियस एल्स्टर आणि हान्स गायटेल हे जर्मनीतल्या वुल्फेनब्युटेल गावातले शाळामास्तर, दोघे मित्र, शाळा सांभाळून संशोधन करणारे. १९०१ मध्ये त्यांनी ऋण भार दिलेली तार हवेत टांगली आणि ती किरणोत्सारी झालेली दाखवली. बेकरेलने १८९६ मध्ये युरेनियमची किरणं शोधली, क्युरी पतिपत्नींनी १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम. पण किरणोत्सर्ग दुर्मीळ खनिजातच नसतो, तो साध्या हवेतही आहे, हे या दोन मास्तरांच्या तारेने उघड केलं. त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात असायला हवं असं माझं ठाम मत आहे. आज वर्गात त्यांच्याबद्दल जरा जास्तच वेळ बोलले.

फुग्यावर हे चिकटतं कसं: रेडॉन फुटताना अल्फा कण बाहेर फेकतो आणि मागे उरलेलं पोलोनियम-२१८ त्या धक्क्यात काही इलेक्ट्रॉन गमावून बसतं. ते धन भाराचं, फुगा ऋण भाराचा.

आधी कागदाशिवाय एक मिनिट मोजलं, मग एक कागद आड घालून. आकडा लगेच खाली आला. इतके दिवस ज्यांची वाट होती ते अल्फा हे, हेलियमची केंद्रकं, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनची घट्ट जोडणी. ती इतकी जड आणि भारित असते की हवेत काही सेंटिमीटरमध्येच सगळी ऊर्जा टाकून थांबते. अंगावर पडली तर कातडीच्या मेलेल्या थरात अडते, पण हीच अपत्यं श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसली तर सगळी ऊर्जा तिथल्या पेशींत उतरते. रेडॉनमुळे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो तो याच वाटेने. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या रेडॉनसाठी घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भ पातळी सुचवली आहे. उपाय आपल्या हातातला: खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हवा खेळती राहू द्यावी. कोठीची खिडकी काम संपताच उघडली.

पुढची रीडिंग कागद घालूनच घेतली, फक्त बीटा मोजले जावेत म्हणून. प्रत्येक वेळी पाच मिनिटं मोजून मिनिटाची सरासरी:

० मिनिटं: २३९
३० मिनिटं: १५९
६० मिनिटं: १०१
९० मिनिटं: ६७
१२० मिनिटं: ४८
१८० मिनिटं: ३४

बॅकग्राउंड वजा करता २१७, १३७, ७९, ४५, २६, १२.

पहिलाच खटका इथे बसला. निम्मं व्हायला जवळपास ४३ मिनिटं लागली. शिशाचा अर्धायुकाल २६.८ आणि बिस्मथचा १९.९ असताना ४३ कुठून आले? दोघींनी आधी काउंटरवर संशय घेतला, मग घड्याळावर. उत्तर चिंचोक्यांत नव्हतं, कारण तिथे फुटलेला चिंचोका बाजूला पडायचा. इथे फुटलेलं शिसं-२१४ बिस्मथ-२१४ होऊन पुन्हा फुटायला उभं राहतं. म्हणजे बिस्मथ संपत असतानाच त्यात शिशाकडून भर पडते, आणि सुरुवातीला एकूण आकडा हळू उतरतो. पुढे साठा रोडावला की वेग वाढतो: तासापासून दोन तासांपर्यंत दर अर्ध्या तासाला बेरीज साधारण सहा दशांशावर येते. आई-मुलीच्या दोन समीकरणांचं उत्तर फळ्यावर काढलं, मुलांनी आकडे घालून वक्र काढला. तासापर्यंतचे बिंदू वक्राला छान धरून होते.

पण शेवटचे दोन बसेनात. वक्राप्रमाणे तीन तासांनी बॅकग्राउंडच्या वर चार-पाच उरायला हवेत, आमचे बारा. एका मुलाने फुगा तसाच राहू द्या म्हणून सांगितलं. राहू दिला.

१३ डिसेंबर

सकाळी सातला, म्हणजे पंधराएक तासांनी, फुगा पुन्हा नळीखाली. आता फरक थोडा असणार म्हणून अर्धा तास मोजलं: ७८०. फुगा काढून अर्धा तास बॅकग्राउंड: ६६०. फरक १२०. दोन्ही मोजण्यांची मिळून अनिश्चितता ३८. फरक तिच्या तिपटीहून जास्त आहे, तेव्हा याला योगायोग म्हणता येणार नाही.

शिसं-२१४ पंधरा तासांत तीसहून अधिक वेळा निम्मं झालेलं असतं, म्हणजे शून्यच. तरीही फुग्यावर काहीतरी जिवंत आहे. हे थोरियमच्या साखळीतलं. त्या साखळीतही रेडॉन येतो, रेडॉन-२२०, त्याला थोरॉन म्हणतात. त्याचा अर्धायुकाल अवघा ५५.६ सेकंद, त्यामुळे तो मातीतून फार वर पोचत नाही. पण कोठीची जमीनच मातीची आहे. त्याचं अपत्य शिसं-२१२, अर्धायुकाल १०.६ तास. काल संध्याकाळचे ते जास्तीचे सात-आठ काउंट त्याचे, आणि आज सकाळचे चारही त्याचेच. दोन्ही आकडे १०.६ तासांच्या हिशेबात बसतात.

रदरफर्डने माँट्रियलला थोरियममधून निघणाऱ्या याच वायूवर काम करताना, १९०० मध्ये, मिनिटाभरात निम्मं होणं नोंदवलं होतं. अर्धायुकालाची कल्पना तिथून आली. पुढे १९०२ मध्ये त्याने आणि सॉडीने सांगितलं की एक मूलद्रव्य आपोआप दुसऱ्यात बदलतंय. तोवर अणू अभंग मानला जात होता. आमच्या फुग्यावर काल दुपारी पोलोनियमचं शिसं झालं, शिशाचं बिस्मथ, बिस्मथचं पुन्हा पोलोनियम (तेही १६४ मायक्रोसेकंदांत फुटणारं) आणि मग शिसं-२१०. या शेवटच्याचा अर्धायुकाल २२ वर्षं. ते अजून रबरावर आहे, पण इतकं थोडं की आमच्या नळीला कळणं शक्य नाही.

थोरियमची शेपटी ज्याने पकडून दिली त्या मुलाला प्रकल्पाच्या अहवालात तो भाग स्वतंत्रपणे लिहायला सांगितलं आहे.

१६ डिसेंबर

अहवालाची वाटणी झाली. आलेख हाताने, अर्ध-लॉगरिदमिक कागदावर. प्रत्येक बिंदूला वर्गमुळाएवढी उभी रेघ हवीच.

जानेवारीतलं काम: तोच फुगा, तीच कोठी, पण या वेळी मोजणी संध्याकाळी सुरू करून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत, दर तीन तासांनी अर्धा तास. शिसं-२१२ चा अर्धायुकाल स्वतःच्या आकड्यांवरून काढायचा. रात्रीच्या पाळीसाठी पालकांची परवानगी आणि प्राचार्यांची सही लागेल, अर्ज आज दिला. शेजारी दुसरा फुगा वरच्या मजल्यावरच्या फरशीच्या खोलीत टांगायचा. तिथे थोरॉनची शेपटी दिसू नये असा मुलांचा अंदाज आहे, आणि तो त्यांनी मोजणीआधीच वहीत लिहून ठेवला आहे.